गाडीचं अ‍ॅव्हरेज: रेस कधी सोडायची याचा हिशेब

अ‍ॅव्हरेज वाढवायचं म्हटलं की पहिला सल्ला येतो तो ‘रेस हळू दे’. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत साठपर्यंत नेलेली आणि पुढच्या सिग्नलला करकचून ब्रेक मारून उभी केलेली गाडी काहीही वाचवत नाही. पेट्रोल नेमकं कुठे जातं हे आकड्यांत मांडलं की पाय किती दाबावा यापेक्षा तो कधी उचलावा, यातच खरे पैसे आहेत हे दिसतं.

हिशेबासाठी एक गाडी धरू. १.२ लीटर पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर, साधी हॅचबॅक. दोन माणसं आणि थोडं सामान धरून वजन १००० किलो. एक लीटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली चाकापर्यंत पोचते जेमतेम चौथाई, म्हणजे ८ मेगाज्यूल. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे उष्णता होऊन निघून जाते. पुढचे सगळे आकडे याच गाडीचे आहेत. तुमची गाडी दीड टनाची असेल तर वजनाशी निगडित आकडे दीडपट करा.

ताशी ६० किमी वेगाला या गाडीत १३९ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. ती भरायला लागलं १७ मिली पेट्रोल. ब्रेक दाबून गाडी थांबवली की ते १७ मिली डिस्क आणि पॅड तापवण्यात गेले. वेग ८० असेल तर ३१ मिली. शहरातल्या दहा किमीत साठवरून दहा वेळा असं थांबलात तर १७० मिली गेलं, म्हणजे लीटरला १८ देणाऱ्या गाडीचं तीन किलोमीटरचं पेट्रोल. तुलनेला, गाडी उभी असताना असं इंजिन तासाला साधारण ६०० मिली पितं, म्हणजे मिनिटाला १० मिली. एसी चालू असेल तर पंधराच्या आसपास. साठवरून मारलेला एक ब्रेक सिग्नलला पावणेदोन मिनिटं इंजिन चालू ठेवण्याइतका महाग आहे. सिग्नलला गाडी बंद करायची सवय चांगलीच, पण त्या सिग्नलला तुम्ही पोचता कसे, याकडे सहसा कोणाचं लक्ष नसतं.

हायवेवर हे आणखी फसवं होतं, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. शंभरवरून ब्रेक मारून ऐंशीवर आलात तर गेली किती? पुन्हा १३९ किलोज्यूलच. शंभरचा वर्ग वजा ऐंशीचा वर्ग म्हणजे साठचा वर्ग. म्हणजे एक्स्प्रेसवेवर ट्रकच्या मागे जाऊन नुसता ‘थोडा’ ब्रेक मारणं हे शहरात साठवरून पूर्ण थांबण्याइतकंच पेट्रोल खातं. ड्रायव्हरला मात्र वाटत असतं की आपण कुठे थांबलोच नाही, सलग आलो.

आता यातली दुसरी बाजू. रेस स्थिर ठेवा म्हणतात, पण वेग नुसता वरखाली झाल्याने किती बिघडतं? समजा सरासरी ९० आहे आणि वेग ८० ते १०० मध्ये झुलतोय. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून थोडा फटका बसतो, पण तो अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. म्हणजे झुलण्याला तसं कोणी विचारत नाही. झुलता झुलता शंभरकडून ऐंशीकडे येताना तुम्ही पाय उचलून येता की ब्रेक मारून येता, यावर सगळं अवलंबून आहे. स्थिर पायाचा खरा फायदा हा की स्थिर पायवाल्याला ब्रेकची गरज कमी पडते.

इंजिनाच्या आत काय होतं

पेट्रोल इंजिनात एक्सिलरेटर थेट पेट्रोल सोडत नाही. तो हवेच्या वाटेवरची झडप, म्हणजे थ्रॉटल, उघडतो; आत किती हवा आली हे सेन्सरवरून पाहून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्या प्रमाणात पेट्रोल मारतो. प्रमाण साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. झडप थोडीशीच उघडी असेल तर पिस्टनला हवा ओढायला जोर लावावा लागतो. हा जोर फुकट जातो. म्हणून अगदी हलक्या पायाने, खालच्या गिअरमध्ये, ३००० आरपीएमवर (मिनिटाला इंजिनाचे फेरे) चालणारं इंजिन हे कमी ताकदीला जास्त पेट्रोल घेतं. तेवढीच ताकद वरच्या गिअरमध्ये १८०० आरपीएमला, झडप जास्त उघडून घेतली तर कमी पेट्रोल लागतं. ‘रेस कमी’ म्हणजे पाय हलका असा अर्थ लोक घेतात. इंजिनाला आरपीएम कमी हवे असतात आणि थोडा भार चालतो, किंबहुना आवडतो.

पण याला वरची हद्द आहे. पाय पार खाली दाबला की ईसीयू मिश्रण घट्ट करतो, प्रमाण साडेबारा-तेराला एक असं होतं. जादा पेट्रोल ताकद वाढवण्यासाठी आणि इंजिन थंड ठेवण्यासाठी असतं, ते पूर्ण जळत नाही. तेव्हा ओव्हरटेकला दाबायचाच असेल तर जरूर दाबा, तिथे पेट्रोल मोजत बसू नये. पण सिग्नल सुटल्यावर पुढच्या सिग्नलपर्यंत तसा दाबण्यात काही अर्थ नाही.

तिसरी गोष्ट पायाच्या चाळ्यांची. इनटेक पोर्टमध्ये इंजेक्टर असलेल्या गाड्यांत मारलेल्या पेट्रोलचा काही भाग पोर्टच्या भिंतीला ओला थर होऊन बसतो. पाय अचानक दाबला की तो थर भरून काढायला ईसीयू क्षणभर जास्त पेट्रोल देतो. अचानक सोडला की तोच थर नको असताना सिलिंडरमध्ये जातो. दाब-सोड, दाब-सोड करत चालवणाऱ्यांचं पेट्रोल यात थेंबाथेंबाने जातं. फियाट-अँबेसेडरच्या कार्ब्युरेटरमध्ये तर यासाठी वेगळा अ‍ॅक्सिलरेटर पंपच असायचा: पेडलला झटका बसला की पिचकारी. त्या गाड्यांत पायाच्या मऊपणाला आजच्यापेक्षा जास्त किंमत होती.

आणि चौथी, सगळ्यात कामाची. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला असताना एक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलला की ईसीयू इंजेक्टर बंद करतो. इंजिन चाकांवर फिरत राहतं, पेट्रोल शून्य. आरपीएम साधारण १२०० ते १५०० पर्यंत उतरले की इंजेक्टर पुन्हा सुरू होतात, नाहीतर इंजिन बंद पडेल. डॅशबोर्डवर त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज दाखवणारी पट्टी असेल तर पाय उचलल्यावर ती टोकाला जाऊन बसते, ती याचमुळे. इंजिन थंड असताना बहुतेक गाड्यांत ही सोय मिळत नाही. आणि पाय पूर्ण उचलावा लागतो. पेडलवर नुसता टेकवून ठेवलेला पाय हे सगळं घालवतो.

जुन्या ड्रायव्हरांची उताराला न्यूट्रल करायची सवय इथेच मोडावी लागते. कार्ब्युरेटरवर पाय सोडला तरी आयडल जेटमधून पेट्रोल ओढलं जायचंच, त्यामुळे न्यूट्रलचा हिशेब तेव्हा बरोबर होता. आता न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलचं पेट्रोल खातं आणि गिअरमध्ये काहीच खात नाही. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी जास्त लांब घरंगळते हे खरं, त्यामुळे कागदावर कधीकधी न्यूट्रल जिंकतोही. पण मिळकत दोन-चार मिलीची, आणि इंजिनाची पकड गेल्यामुळे अचानक काही आडवं आलं तर सगळा भार ब्रेकवर. उतारावर इंजिनच बंद करणारे तर स्टिअरिंगची पॉवर आणि ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम दोन्ही घालवतात. दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो.

पाय, सीट, चप्पल

आधी बसणं. क्लच पूर्ण दाबल्यावर डावा गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्या. उजव्या पायाची टाच फ्लोअर मॅटवर टेकलेली हवी आणि तिथून ती हलता कामा नये. एक्सिलरेटर चवड्याने, घोटा वाकवून दाबायचा. ज्यांची सीट मागे असते त्यांची टाच अधांतरी राहते आणि खड्ड्यात गाडी आपटली की पाय पेडलवर नाचतो. पायाचा कडेचा भाग मधल्या कन्सोलला टेकवता आला तर उत्तम, खराब रस्त्यावर तो आधार फार उपयोगी पडतो. चप्पल घालून हे जमत नाही. जाड तळव्याच्या स्पोर्ट्स शूजमध्येही पेडल कळत नाही. पातळ, सपाट तळव्याचा बूट घाला. मॅट सरकून पेडलखाली जात नाही ना, हेही बघा, ते अ‍ॅव्हरेजपेक्षा जिवाचं प्रकरण आहे.

आजकाल पेडल आणि झडप यांच्यात केबल नसते, इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो, आणि पेडल किती दाबलं म्हणजे झडप किती उघडायची हे ईसीयू ठरवतो. बऱ्याच गाड्यांत पहिल्या इंचातच झडप भरपूर उघडते, म्हणजे गाडी ‘पिकअपला चांगली’ वाटते. अशा गाडीत पेडलचा सुरुवातीचा प्रवास फार हळू करावा लागतो. इको मोड करतो ते मुख्यतः एवढंच, की पेडलला सुस्त करतो. पाय आधीच शांत असेल तर इको मोडने फारसा फरक पडत नाही, आणि पडतो तो बऱ्याचदा एसीचा जोर कमी केल्यामुळे.

निघताना: पहिला गिअर गाडीची एक लांबी पुढे जाईपर्यंतच, मग दुसरा. त्यानंतर पेडल एका जागी, साधारण निम्म्या प्रवासापर्यंत, दाबून तिथेच ठेवा आणि आरपीएम २००० ते २३०० झाले की पुढचा गिअर. या पद्धतीने चौथा गिअर साधारण चाळीसला आणि पाचवा पन्नास-पंचावन्नला पडतो. मुंगीच्या पावलाने वेग वाढवण्याची गरज नाही. तसं केलं तर तुम्ही खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहता आणि मागचे हॉर्न वाजवतात ते वेगळंच. हवा तो वेग आला की पेडल थोडं मागे घ्या आणि वेग टिकेल इतकंच ठेवा. वेग टिकवायला लागणारा दाब हा वेग घ्यायला लागणाऱ्या दाबाच्या निम्माही नसतो. बरेच जण इथेच चुकतात: गाडी साठला पोचली तरी पाय तसाच, मग सत्तर होतात, मग ब्रेक.

वरचा गिअर किती लवकर टाकावा, यालाही मर्यादा आहे. १२०० आरपीएमला पाचव्यात रेस दिली आणि गाडी धडधडली, डॅशबोर्ड थरथरला किंवा इंजिनातून खडखड आली तर गिअर पाडा. तीन सिलिंडरच्या इंजिनात ही थरथर लवकर येते. टर्बो पेट्रोलवाल्यांनी तर कमी आरपीएमवर पाय खोल दाबणं टाळावंच. त्या अवस्थेत मिश्रण वेळेआधी पेटण्याचा धोका असतो आणि त्यात पिस्टन फुटू शकतो.

पाय उचलण्याचं अंतर

या गाडीने ताशी साठवरून चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये नुसता पाय उचलला तर पंचवीसवर यायला सपाट रस्त्यावर तिला सव्वादोनशे ते अडीचशे मीटर लागतात, वीसेक सेकंद. तेवढा सगळा वेळ, शेवटची काही सेकंदं सोडली तर, पेट्रोल शून्य. सिग्नल लाल दिसला, पुढच्या बसचा ब्रेकलाइट पेटला, टोलची रांग दिसली की तिथेच पाय उचलायचा. दीडशे मीटरपासून उचललात तरी शेवटी ब्रेक लागेल तो चाळीसच्या आसपासवरून. साठच्या ब्रेकच्या तुलनेत ऊर्जा निम्म्याच्याही आत. आणि मध्येच सिग्नल हिरवा झाला तर तुमच्याकडे तीस-चाळीसचा वेग शिल्लक असतो, तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही.

यासाठी पुढच्या गाडीच्या बंपरकडे बघत चालवणं सोडावं लागतं. नजर तीन-चार गाड्यांच्या पलीकडे, आणि पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर. साठला ते ५० मीटर होतं. पुण्या-मुंबईत एवढी जागा सोडली की त्यात रिक्षा घुसणार, हा आक्षेप खरा आहे. घुसू द्या. अर्धा सेकंद पाय उचला, अंतर पुन्हा तयार होतं. दर वेळी दोन-तीन सेकंद जातात, बाकी काही नाही. बंपर ते बंपर रांगेत मात्र वेगळं करायचं: पुढची गाडी हलली की लगेच हलायचं नाही, दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्यायची, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, रेस न देता आयडलवरच गाडी सरकवायची. हाफ क्लचवर रेस देत राहणं हे पेट्रोल आणि क्लच प्लेट दोन्ही जाळणं आहे.

स्पीडब्रेकर हे आपल्या रस्त्यांचं खास प्रकरण. पन्नासवरून ब्रेक मारून दहावर येणं आणि पुन्हा पन्नास गाठणं, याला जवळजवळ १२ मिली लागतात. गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यावर असे दहा असले की सव्वाशे मिलीच्या आसपास. दोन स्पीडब्रेकर दीडशे मीटरवर असतील तर मध्ये पन्नास गाठण्यात काहीच अर्थ नाही. तिसऱ्या गिअरमध्ये तीसवर राहा. तीसवरून दहावर येण्यात जातात ४ मिली, आणि तेही बरेचसे पाय उचलूनच होतं.

समृद्धी आणि घाट

मोठ्या रस्त्यावर पाय कितीही स्थिर असला तरी वेग चुकीचा असेल तर उपयोग नाही. आपल्या हॅचबॅकला ८० ला पुढे ढकलायला साधारण ३१५ न्यूटन बल लागतं, १०० ला ४२५, १२० ला ५६०. टायरचा अवरोध तोच राहतो, हवेचा वाढत जातो. इंजिन भाराखाली थोडं कार्यक्षम होतं, म्हणून अ‍ॅव्हरेज तितक्या प्रमाणात पडत नाही, तरी ढोबळ हिशेब असा: ८० ला २३, १०० ला १९, १२० ला साडेपंधरा. समृद्धी महामार्ग नागपूर ते आमणे ७०१ किमी आहे आणि कारला १२० ची मुभा आहे. सलग १०० ने गेलात तर सुमारे ३७ लीटर, १२० ने ४५ लीटर. वेळेचा फरक सव्वा तासाच्या आत. आठ लीटर पेट्रोल देऊन सत्तर मिनिटं घ्यायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते या रस्त्यावर ९५-१०० हा शहाणपणाचा वेग आहे, टायर कमी तापतात हा त्याचा दुसरा लाभ. पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशनच्या, म्हणजे पीसीआरएच्या पत्रकांतला ४५ ते ५५ चा सल्ला भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे, पण द्रुतगती मार्गावर तो पाळू नका, मागून ट्रक येतो.

क्रूझ कंट्रोल सपाट रस्त्यावर माणसापेक्षा चांगला. चढउतारावर मात्र तो वेगाला चिकटून बसतो: चढावर झडप भरपूर उघडतो, ऑटोमॅटिकमध्ये गिअरही पाडतो. मुंबई-गोवा महामार्गासारख्या सतत वरखाली होणाऱ्या रस्त्यावर तो बंद करा आणि वेगाऐवजी पेडल स्थिर धरा. चढावर पाच-आठ किमीने वेग पडू द्या, माथ्याच्या थोडं आधी पाय सैल करा, उतारावर गेलेला वेग आपोआप परत येतो. मागे वाहन चिकटलेलं नसेल तेव्हाच, अर्थात.

घाट चढण्याचं पेट्रोल चुकत नाही. खोपोलीकडून लोणावळ्याला यायचं म्हणजे साधारण साडेपाचशे मीटर वर; १००० किलो तेवढे उचलायला पावणेसातशे मिलीच्या आसपास लागतात, चालण्याचा खर्च वेगळा. इथे पाय हलका ठेवायचा प्रयत्न करून चौथ्यात गाडी कण्हत नेण्यापेक्षा तिसऱ्यात २५०० आरपीएमवर, मध्यम दाबावर एकसारखं चढलेलं बरं. वळणाआधी ब्रेक आणि वळणानंतर रेस हा क्रम चढावर शक्य तितका टाळा; चढच गाडीला रोखतो, वळणाच्या थोडं आधी पाय सैल केला की पुरतं. उतरताना ज्या गिअरने चढला असतात तोच गिअर, पाय वर. वेग वाढतोय वाटलं तर एक गिअर खाली. इंजेक्टर बंदच असतात, त्यामुळे ३००० आरपीएमचा आवाज ऐकून पेट्रोल जातंय असं समजू नका. ब्रेकही तापत नाहीत.

ऑटोमॅटिक आणि डिझेल

एएमटीत, म्हणजे मॅन्युअल गिअरच यंत्राने बदलणाऱ्या गाडीत, गिअर बदलायच्या वेळी पाय क्षणभर सैल केला तर वरचा गिअर लवकर पडतो आणि झटकाही बसत नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या गाडीत एकसारख्या हलक्या रेसवर दोघांना थेट जोडणारा लॉक-अप क्लच लागतो, तेव्हा आरपीएम दोनएकशेने खाली येताना दिसतात; पाय हलवत राहिलात तर तो सुटतो आणि तेल घुसळण्यात ऊर्जा जाते. सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, आरपीएम २००० च्या आत राहतील इतकाच दाब.

डिझेलमध्ये पेट्रोलसारखी झडप गळा दाबत नाही; पेडल थेट किती डिझेल मारायचं ते सांगतं. त्यामुळे हलक्या भारावर ते पेट्रोलइतकं वाया घालवत नाही. गिअर १८००-२००० ला बदला. मात्र बीएस-६ डिझेलमध्ये, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाडीत, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. अ‍ॅव्हरेजच्या नादात रोज पाच किमी, १५०० आरपीएमच्या आत अशी गाडी चालवली तर काजळी साठून फिल्टर तुंबतो, आणि ती जाळायला गाडी स्वतःच जादा डिझेल मारते. आठवड्यातून एकदा तरी वीस मिनिटं सलग, साठच्या वर, २००० आरपीएमच्या पुढे चालवा. फिल्टरचा दिवा लागला असताना मध्येच गाडी बंद करू नका.

पाय स्थिर असूनही गाडी स्थिर नसेल तर

एका वेगावर पेडल धरलंय आणि गाडी मागे-पुढे ओढल्यासारखी करते, तर दोष पायाचा नाही. सर्वांत आधी थ्रॉटल बॉडी. झडपेच्या कडेला काळी, चिकट काजळी बसते, झडप सुरुवातीला अडकते आणि मग झटक्याने उघडते. थ्रॉटल बॉडी क्लीनरचा स्प्रे कापडावर मारून पुसायची. झडप बोटाने जोरात उघडू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात. साफ केल्यावर आयडल वाढलेलं वाटलं तर स्कॅनरवरून रीलर्न करावं लागतं, म्हणजे ईसीयूला झडपेची जागा नव्याने शिकवावी लागते.

मग व्हॅक्यूमची गळती. गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचा ब्लूटूथचा ओबीडी डोंगल आणि मोबाइल अ‍ॅप असेल तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के कमी-जास्त पेट्रोल देतोय तो आकडा. उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत ठीक. आयडलला अधिक १५-२० आणि रेस दिल्यावर कमी होत असेल तर कुठेतरी इंजिन बाहेरची हवा ओढतंय; इनटेकचे रबरी होज आणि ब्रेक बूस्टरचा पाइप तपासा. सगळीकडेच अधिक असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय. ट्रिम बराच उणे असेल तर इंजेक्टर गळत असेल किंवा ऑक्सिजन सेन्सर चुकीचं सांगत असेल.

थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघड-बंद करून इंजिनाचं तापमान राखणारी झडप, हा दुर्लक्षित चोर. गाडी गरम होते म्हणून काही गॅरेजवाले तो काढूनच टाकतात. मग इंजिन ८५-९० अंशांऐवजी साठ-सत्तरला घुटमळतं, ईसीयूला वाटतं अजून थंडच आहे आणि तो घट्ट मिश्रण देत राहतो. ओबीडीवर कूलंटचं तापमान पंधरा मिनिटांनंतरही ८० च्या खाली असेल तर आधी हे बघा. तो बसवायला लागणारा खर्च काही टाक्यांत निघतो.

चिकटणारा ब्रेक ओळखायला ब्रेक कमी वापरत पाच किमी चालवून चारही चाकांजवळ हात न्या. एकच जास्त तापलेलं असेल तर कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड दाबणारा भाग, अडकलाय. टायरची हवा सकाळी, थंड असताना, दारावर लिहिलेल्या आकड्याइतकी. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने दर १ पीएसआय कमतरतेला ०.२ टक्के इंधन जातं, म्हणजे पाच पीएसआयला एक टक्का. एअर फिल्टरचं भय मात्र अवाजवी आहे: ओक रिज प्रयोगशाळेच्या २००९ च्या चाचण्यांत तुंबलेल्या फिल्टरने इंजेक्शनच्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज फारसं घटलं नाही, पिकअप घटलं. बदलावा तो इंजिनासाठी.

फरक मोजायचा कसा

डॅशबोर्डचा आकडा रोजची तुलना करायला चांगला, खरा आकडा म्हणून नाही; बऱ्याच गाड्यांत तो पाच-दहा टक्के जास्तच दाखवतो. टाकी ते टाकी मोजा: एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पहिल्या ऑटो कटला थांबायचं, राउंड फिगरसाठी वर भरायचं नाही. ऑटो कटमध्ये अर्ध्या लीटरचा फरक सहज पडतो. पाच लीटर भरून मोजलंत तर चूक दहा टक्के, पंचवीस लीटरला दोन टक्के. म्हणून किमान तीन-चारशे किमी, आणि तीन टाक्यांची सरासरी. पाऊस, एसी आणि माणसांची संख्या लिहून ठेवा.

आधीच्या वर्षांच्या नोंदींशी तुलना करताना इंधनही बदललंय हे लक्षात घ्या. इथेनॉलमध्ये लीटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्के इथेनॉलच्या ई-२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण सहा-सात टक्के ऊर्जा कमी. पाय सुधारूनही आकडा तिथेच राहिला तर त्याचा अर्थ पाय सुधारला नाही असा होत नाही.

आणि कंपनीच्या जाहिरातीतल्या एआरएआयच्या, म्हणजे गाड्यांची अधिकृत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या आकड्याशी तुलना करायचीच असेल तर ती चाचणी कशी होते ते माहीत हवं. रोलरवर, एसी बंद, एकूण ११८० सेकंद, कमाल वेग ९०. शहरी भागात शून्यापासून पन्नासवर यायला गाडीला २६ सेकंद दिलेले असतात, दोन गिअर बदल धरून. तुमच्या गल्लीच्या टोकापासून पन्नास गाठायला तुम्हाला किती लागतात ते एकदा घड्याळ लावून बघा; बारा-तेराच्या आत असेल तर तो आकडा तुमच्यासाठी नाही.